काडतूस अडले तर हात थांबवा

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडवा, पाचट असल्या विषयांवर लिहीत असतो. या खेपेला विषय बंदुकीचा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याला बंदुकीशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. पण डोंगरकडेच्या गटांत रानडुकरांचा उपद्रव किती आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा गटांतल्या काही सभासदांच्या घरी पीक संरक्षणाच्या परवान्यावर एकनळी किंवा दुनळी बंदूक आहे, कोणाकडे ३१५ ची रायफल आहे. वर्षाचे अकरा महिने ती खुंटीवर किंवा कपाटात असते आणि नेमकी गरजेच्या रात्री काडतूस घेत नाही. मग माणूस चिडतो आणि जोर लावतो. त्या जोराचे काय होऊ शकते ते गेल्या पावसाळ्यात मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, म्हणून हा लेख.

आडसाली लागणीच्या नोंदीसाठी सकाळी आठच्या सुमारास एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. ओसरीवर ते बसलेले, दुनळी बंदूक मोडून मांडीवर घेतलेली. उजव्या नळीत काडतूस अर्धे आत आणि अर्धे बाहेर. समोर त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा नळीच्या तोंडातून लोखंडी गज घालून ते मागे ठोकत होता. मला बघून म्हणाले, "साहेब, बसा दोन मिनिटं, एवढं काढतो आणि येतो."

मी आधी मुलाच्या हातातला गज काढून घेतला. काडतूस भरलेले होते, आणि मुलाचे दोन्ही हात नळीच्या तोंडासमोर होते. काडतुसाचा मागचा भाग, जिथे ठिणगी पडते ती टोपी, ती वडिलांच्या पोटाकडे होती. रात्री डुकरे उसात शिरली, हे घाईघाईने काडतूस भरायला गेले, ते अडले. अंगठ्याने दाबले, जाईना. मग तळहाताने दोन-तीन ठोके दिले. शेवटी ते आतही जाईना आणि बाहेरही येईना. डुकरे आपले काम करून निघून गेली.

गावात लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार आहेत. नोकरीभर त्यांनी शस्त्रदुरुस्तीचेच काम केले. त्यांना बोलावले. त्यांनी आल्या आल्या पहिल्यांदा आम्हा सगळ्यांना ओसरीवरून उठवले. बंदुकीचे तोंड अंगणातल्या मातीच्या ढिगाकडे केले. काडतुसाची कड पकडायचे एक छोटे आकड्यासारखे हत्यार त्यांच्याकडे होते. त्याने कडेला धरून, टोपीला धक्का न लावता, काडतूस सरळ मागे ओढून काढले. दोन मिनिटांचे काम. मग त्या मुलाला म्हणाले, "अडलेलं काडतूस पुढून ठोकायचं नाही आणि मागून दाबायचं नाही. कडेला धरून ओढायचं. हाताच्या ओढीनं आलं तर ठीक, नाही आलं तर जाणकार माणूस येईपर्यंत बंदूक तशीच उघडी ठेवायची. तिच्या तोंडासमोर कोणी जायचं नाही आणि मागंही कोणी उभं राहायचं नाही."

त्या दिवशी त्यांच्याजवळ बसून मी बरेच काही विचारून घेतले. माझ्या वडिलांचीही एकनळी होती, तेव्हा थोडेफार ठाऊक होते. तेच सगळे इथे क्रमाने मांडतो.

काडतूस बसते कसे

आपल्याकडच्या मोडायच्या बंदुकीत नळीचा मागचा तीनेक इंचांचा भाग पुढच्या नळीपेक्षा थोडा रुंद असतो. हे काडतुसाचे घर. घर जिथे संपते तिथे नळी उतरत उतरत अरुंद होते. मागच्या टोकाला कडेपुरती एक गोल खाच असते. काडतुसाची पितळी कड त्या खाचेत बसली की काडतूस पुढे सरकत नाही. त्याच खाचेचा एक तुकडा मागेपुढे सरकणारा असतो आणि बंदूक मोडली की तो काडतूस मागे ढकलतो.

बार उडतो तेव्हा काडतुसाचे नळकांडे क्षणभर फुगून घराला चिकटते, त्यामुळे जाळ मागे येत नाही. मग ते पुन्हा आकसते आणि सुटे होते. त्यासाठी घर आणि काडतूस यांच्यात अगदी थोडी मोकळीक ठेवलेली असते, कागदाच्या जाडीइतकी म्हणा. त्या मोकळिकीत गंज, वाळलेले तेल, माती किंवा फुगलेला कागद आला की काडतूस अडणारच. म्हणजे काडतूस अडते तेव्हा दोष तीनच ठिकाणी असू शकतो: काडतुसात, घरात, किंवा बंद करायच्या यंत्रात. हे तिन्ही जोराने सुधारत नाहीत. डिझेल इंजिनाचे हँडल फिरेना तर आपण त्यावर घण घालत नाही, आधी कुठे धरले आहे ते बघतो. इथेही तसेच.

बघण्याआधी

१. बंदुकीचे तोंड मातीच्या ढिगाकडे किंवा जिथे माणूस, जनावर, घर नाही अशा बाजूला करा. बोट चापावर नको.

२. बंदूक रिकामी करा. दोन्ही नळ्या डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. रायफल असेल तर मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या आणि घरात बोट घालून खात्री करा.

३. सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. पोराबाळांना लांब पाठवा.

४. मागच्या बाजूने नळीतून उजेड पाहा. रायफलीचा बोल्ट काढता येत असेल तर काढून पाहा. नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असते, कधी चिंधीचा बोळा राहिलेला असतो. उजेड स्वच्छ गोल दिसला नाही तर ती बंदूक त्या दिवशी वापरायची नाही. नळी तुंबलेली असताना बार काढला तर नळी फुटते.

५. घरात बसून भरलेले काडतूस घालून "आता जातंय का बघू" हा प्रयोग करू नका. शेतात काय झाले ते आठवा, तेवढे निदानाला पुरते. एकच काडतूस दोन्ही नळ्यांत अडले असेल तर दोष बहुधा काडतुसात. एकाच नळीत सगळी काडतुसे अडत असतील तर दोष त्या नळीच्या घरात.

कुठे अडते त्यावरून ओळखा

पहिली तऱ्हा, काडतूस अर्ध्यावर अडते. पावसाळ्यात हे सर्वांत जास्त होते. कागदी काडतूस ओल पिते आणि फुगते. प्लॅस्टिकचे फुगत नाही, पण त्याचीही पितळी बैठक चेपते किंवा गंजते. अशी काडतुसे काचेवर हळू गडगडत सोडा. वाकडे असेल तर लंगडत जाते. फुगलेले बोटांना कळते. कागदाचा थर सुटलेला दिसतो. असे काडतूस उन्हात वाळवून, चुलीजवळ ठेवून किंवा कानशीने घासून वापरायचे नाही. बाजूला काढून पोलीस ठाण्याला किंवा परवानाधारक दुकानदाराला विचारून त्याची विल्हेवाट लावा. उसात, विहिरीत, उकिरड्यावर टाकू नका. पाचट पेटवले आणि त्यात काडतूस असले तर काय होईल ते सांगायला नको.

दुसरी तऱ्हा, काडतूस जाते पण कड थोडी वर राहते. इथे बहुतेक वेळा घर मळलेले असते. आपण नळी साफ करतो म्हणजे तोंडाकडून चिंधी ओढतो. नळीच्या मापाची चिंधी घरात सैल पडते, कारण घर जास्त रुंद आहे. त्यामुळे नळी आरशासारखी आणि घरात मळाचे कडे, असे होते. कडेच्या खाचेत आणि त्या सरकत्या तुकड्याच्या मागे माती, भुसा, घट्ट झालेले तेल साठते. घरासाठी थोडा मोठा पितळी ब्रश लागतो. तो नसेल तर लाकडी काठीला जाड चिंधी गुंडाळून, बंदुकीचे तेल लावून घर फिरवून पुसा. खाच दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करा. शेवटी कोरड्या चिंधीने तेल टिपून घ्या. घरात तेल ठेवायचे नाही. तेलकट घरात नळकांडे चिकटून धरत नाही, सगळा धक्का मागच्या यंत्रावर येतो.

घरात गंजाचे खड्डे दिसले तर पॉलिश पेपर मारू नका. त्याने घर मोठे होते आणि मग काडतूस फाटते. ते काम दुरुस्तीवाल्याचे.

तिसरी तऱ्हा, काडतूस पूर्ण बसते पण बंदूक बंद होत नाही. ही सर्वांत धोक्याची. बिजागरीत किंवा सपाट जागेवर कचरा असेल तर एवढे घाबरायचे कारण नाही, साफ केला की झाले. पण जुन्या, बाहेरच्या घोड्याच्या बंदुकीत टोपीवर आपटणारी सुई कधीकधी पुढेच अडकून राहते. स्प्रिंग गेलेली असते किंवा सुईच्या भोकात गंज असतो. अशा बंदुकीत काडतूस घालून गुडघ्यावर आपटून बंद केली तर सुई टोपीवर बसते आणि बंदूक पुरती बंद होण्याआधीच बार उडू शकतो. तेव्हा बंदूक रिकामी असताना मागच्या सपाट तोंडाकडे नीट पाहा. सुईचे टोक बाहेर आलेले दिसले तर बंदूक थेट दुरुस्तीला.

चौथी तऱ्हा, काडतूस फार सहज जाते. हा दोष अडण्याच्या उलटा आहे, पण त्यानेच माणसांचे हात गेले आहेत. बारा बोअर म्हणजे काय, तर नळीच्या आतल्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. वीस बोअरमध्ये तशा वीस गोळ्या लागतात, म्हणजे वीस बोअर हा बारापेक्षा लहान. बारा बोअरची नळी सुमारे साडेअठरा मिलिमीटर, वीसची सुमारे साडेपंधरा. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते घरातून पुढे सरकते आणि नळी अरुंद होते तिथे कड अडकून थांबते. मागून बघितले तर घर मोकळे दिसते. माणसाला वाटते भरलेच नाही. तो बाराचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. मग समोरच्या अडथळ्यामुळे नळी फुटते, आणि ती फुटते बरोबर डाव्या हाताच्या पुढे. म्हणून दोन मापांची काडतुसे एका पिशवीत, एका खिशात कधीही ठेवू नका. पाहुण्याची काडतुसे उसनी घेऊ नका.

लांबीचीही अशीच गोष्ट आहे. जुन्या विलायती बंदुकांची घरे बऱ्याचदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असतात. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात बिनतक्रार बसते, कारण छापलेली लांबी उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या नळकांड्याची असते. उडताना तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. नळीवर कोरलेले माप आणि काडतुसाच्या पेटीवरचे माप ताडून पाहा. कोरलेले वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून मापून घ्या.

३१५ ची रायफल

ब्रिटिश अमदानीत लष्करी मापाच्या, म्हणजे ३०३ च्या रायफली सर्वसामान्य माणसाला मिळत नसत. त्यामुळे ३१५ हे माप नागरी परवान्यासाठी रूढ झाले. गोळी आठ मिलिमीटरची, नळकांडे पितळी आणि बुडाशी कड असलेले. बंगालमधल्या इच्छापूर रायफल कारखान्याची ही रायफल आपल्याकडे पुष्कळ दिसते. तिची यंत्रणा जुन्या ली-एनफिल्डच्या धर्तीवरची आहे. काडतुसे मात्र आपल्या पुण्याची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. २०२१ मध्ये संरक्षण कारखान्यांच्या कंपन्या झाल्या तेव्हा तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला.

या रायफलीत अडण्याचे प्रकार असे:

मॅगझिनमध्ये कडांची अडवणूक. काडतुसे एकावर एक बसतात. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असली पाहिजे. ती मागे राहिली तर बोल्ट पुढे लोटताना वरची कड खालच्या कडेत अडकते आणि दोन्ही काडतुसे एकदम पुढे यायला बघतात. इथे बोल्टवर दणका मारायचा नाही. मॅगझिन काढून काडतुसे पुन्हा नीट भरायची.

मॅगझिनचे ओठ चेपलेले किंवा स्प्रिंग दमलेली. काडतूस तिरके वर येते आणि गोळीचे टोक घराच्या काठाला लागते. पक्कड घेऊन ओठ वाकवण्याचा उद्योग करू नका, तो नेमका बसत नाही.

बोल्टची मूठ खाली येत नाही. बोल्टच्या खाचांत घट्ट झालेले ग्रीस, घरात हिरवा कळंक, काडतुसाच्या खांद्याला पोचा, किंवा गोळी नळकांड्यातून थोडी पुढे आलेली, ही नेहमीची कारणे. काडतुसांतली एकेक गोळी डोळ्यासमोर धरून पाहा. सगळ्यांची लांबी सारखी दिसली पाहिजे. एखादे लांब किंवा आखूड दिसले, गोळी बोटाने हलली, तर ते बाद. बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच आहे का तेही बघा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेला असेल तर तो तपासून घेतल्याशिवाय वापरू नये.

मागच्या बाराचा तुकडा घरात राहिला. नळकांडे तडकलेले असेल तर उडताना तुटते. मागचा भाग बाहेर येतो, पुढचा घरातच राहतो. पुढचे काडतूस अर्धे जाते आणि थांबते. बाहेर पडलेले प्रत्येक रिकामे नळकांडे उचलून पूर्ण आहे का ते बघायची सवय ठेवा.

फुसका बार. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, धक्का लागला नाही, तर गोळी नळीत अडकली असे समजा. कधी ती घराच्या अगदी पुढेच असते आणि त्यामुळे दुसरे काडतूस बसत नाही. त्या वेळी रायफलीने नकार दिला म्हणून तुम्ही वाचलात असे समजा. जोर लावून बोल्ट बंद केला आणि चाप ओढला तर तो नकार परत मिळणार नाही. तसेच चाप ओढून बार उडालाच नाही तर लगेच उघडू नका. तोंड मातीकडे धरून निदान मिनिटभर थांबा, उशिरा पेटणारी काडतुसेही असतात.

गोठा, युरिया आणि पितळ

आता साठवणुकीबद्दल, कारण बहुतेक दोष तिथे जन्मतात. मी सांगितलेल्या सभासदांची काडतुसे गोठ्याच्या माळ्यावर, रिकाम्या युरियाच्या पोत्यात गुंडाळून ठेवलेली होती. त्यांचे म्हणणे, पोते प्लॅस्टिकचे आहे, ओल लागणार नाही.

यावर एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रिटिशांच्या फौजेने आपल्याच देशात पावसाळ्यात पितळी काडतुसे घोड्यांच्या तबेल्यात ठेवली. पावसाळा संपल्यावर काढून बघतात तो पुष्कळ काडतुसांना तडे गेलेले. हे पावसाळ्यात होते म्हणून इंग्रजीत त्या तड्यांना 'सीझन क्रॅकिंग', ऋतूचे तडे, असे नाव पडले. १९२१ साली त्याचे कारण उलगडले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया ओल्या हवेत पितळावर काम करतो, आणि नळकांडे दाबून-ओढून बनवताना धातूत जो ताण राहतो त्या ताणाच्या जागी तडा जातो.

आपला गोठा काही निराळा नाही. गोमूत्रातून अमोनिया निघतो. युरिया ओलावला की त्यातूनही निघतो. त्या खोलीत गेल्यावर डोळ्यांना जे झोंबते तेच पितळाला खाते. तेव्हा काडतुसे गोठ्यात नकोत, खताच्या खोलीत नकोत, खताच्या पोत्यात तर नकोतच. राहत्या घरात, कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात, कुलपात ठेवा. बंदूक एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात. डब्यावर खरेदीची तारीख लिहा आणि जुनी आधी वापरा. कातडी पट्ट्यात वर्षानुवर्षे खोचून ठेवू नका. कमावलेल्या कातड्यानेही पितळावर हिरवा कळंक येतो.

तेलाचे म्हणाल तर गोडे तेल, इंजिनातून काढलेले काळे तेल आणि ट्रॅक्टरचे ग्रीस, तिन्ही नकोत. गोडे तेल वाळून लाखेसारखे होते. बंदुकीचे तेल मिळाले नाही तर शिवणयंत्राचे पातळ तेल चालेल, तेही पुसून पातळ हात.

निवडणुकीच्या वेळी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात हा सर्वांचा अनुभव आहे. महिना-दोन महिने ती तिथे उभी राहते. आपण कोरडीच नेऊन दिली तर गंजूनच परत येणार, त्याला ठाण्याचा काय दोष? जमा करण्याआधी साफ करा, तेलाचा हात द्या, पावतीवर तिची अवस्था लिहून घ्या. परत आणल्यावर आधी घर आणि नळी पुसून तपासा. काडतूस हातात घेण्याची वेळ त्यानंतरची.

दुरुस्ती कोणाकडे

गावच्या लोहाराकडे नाही. तो कितीही हुशार असला तरी नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही स्वतंत्र परवाना लागतो. विनापरवाना दुरुस्ती करणारा अडचणीत येतो आणि आपलाही परवाना धोक्यात येतो. घर कानशीने मोठे करणे, काडतूस घासून बारीक करणे, नळी कापून आखूड करणे, यांतले काहीही आपण करायचे नाही. आपण करायचे ते एवढेच: रिकामी करणे, बघणे, पुसणे, तेल देणे, खराब काडतूस बाजूला काढणे. एवढ्याने बसले नाही तर परवाना बरोबर घेऊन परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जा आणि पावती घ्या.

आणखी एक. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या जनावराबाबतही वनखात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. तो हातात नसताना बार काढू नका. नुकसान झाले तर लगेच वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या. गटाच्या चिटबॉयला कळवलेत तर प्लॉटची नोंद आणि क्षेत्राचा दाखला शेती विभागाकडून मिळेल.

शेवटी उसाचे. ऊस गुडघ्याच्या वर गेला की आतले काही दिसत नाही. पाला हलला म्हणजे डुक्करच असेल असे नाही. पाणी पाजणारा माणूस असतो, चुकलेले वासरू असते, आणि तोडणीच्या हंगामात मजुरांच्या कोप्या फडाच्या कडेलाच असतात. त्यांची लेकरे पहाटे उसात जातात. ३१५ ची गोळी दोन-तीन फड ओलांडून जाते. जे स्पष्ट दिसत नाही आणि ज्याच्या मागे काय आहे ते ठाऊक नाही, त्याच्यावर चाप ओढायचा नाही.

त्या सभासदांचे त्या रात्री चार-पाच गुंठे गेले. लागणीत नांग्या भरून घेतल्या, आज तो ऊस चांगला उभा आहे. ऊस पुन्हा लावता येतो. त्या मुलाचे हात मात्र दोनच होते. तो आता दर महिन्याला बंदूक रिकामी करून हवालदारांनी दाखवल्याप्रमाणे पुसतो, आणि गोठ्याच्या माळ्यावर आता फक्त वैरण असते.

या लेखात काही कळले नसेल तर गट ऑफिसात मला जरूर भेटा. येताना बंदूक आणू नका, फक्त प्रश्न आणा.

आपला,
ऊस विकास अधिकारी